सहा मीटरची दृश्यता नऊ मिनिटांत कुठे गेली? खाणीतल्या एका सरावाचा प्रकरण अभ्यास

मे महिन्यातला शनिवार. इंग्लंडच्या मिडलँड्स भागातली, पाण्याने भरलेली एक जुनी दगडखाण. सकाळी पावणेअकराच्या सुमाराला सात मीटर खोलीवर आम्ही दोघे स्कुबा, म्हणजे पाठीवरच्या टाकीतली हवा घेत पाण्याखाली पोहणं, शिकवणारे आणि चौघे शिकणारे होतो. पाण्यात उतरल्यापासून तेराव्या मिनिटाला चौघांतला एक जण दिसेनासा झाला. पावणेदोन मिनिटांनी तो एकटाच वर आला, सुखरूप. कान दुखला नाही, नाकातून रक्त आलं नाही. त्या दिवशीच्या वहीत 'एक विद्यार्थी थोडा वेळ गटापासून वेगळा झाला' एवढी ओळ पुरली असती.

मला ती पुरेशी वाटली नाही. मी त्या दिवशी साहाय्यक होते, तो माझ्या बाजूचा विद्यार्थी होता, आणि झालेल्या चुकांपैकी निदान तीन माझ्या आहेत. पुढचे दोन आठवडे मी माझ्या आणि त्याच्या डाइव्ह कंप्युटरमधल्या (खोली आणि वेळ टिपणारं मनगटी यंत्र) नोंदी, चौघांनी सांगितलेलं आणि माझी टिपणं घेऊन बसले. खाणीचं आणि शाळेचं नाव देत नाही. हे कुठल्याही खाणीत, कुठल्याही शाळेच्या गटाला होऊ शकतं, आणि वाचणाऱ्याचं लक्ष घटनेवर राहावं असं मला वाटतं.

जागा

आपल्याकडे पाणी भरलेली खाण म्हटली की मनात एकच बातमी येते: पोहायला गेलेली मुलं बुडाली. नदीला उतार असतो, तळ्याला काठ असतो, खाणीला दोन्ही नसतं. पहिलं पाऊल गुडघाभर पाण्यात आणि दुसरं थेट वीस फुटांत. याचं कारण खाणीच्या कामातच आहे. सुरुंग लावून दगड काढताना खाण टप्प्याटप्प्याने खाली नेतात. एक सपाट पायरी, मग सरळ तुटलेला कडा, मग पुढची पायरी. काम थांबलं, पंप बंद झाले, झऱ्यांचं पाणी चढलं, की या अवाढव्य पायऱ्या जशाच्या तशा पाण्याखाली जातात.

ब्रिटनमध्ये समुद्र थंड आणि लहरी. म्हणून स्कुबा शिकवण्यासाठी तिथे अशा खाणी वापरतात. सगळ्यांत नावाजलेली लेस्टरशायरमधली स्टोनी कोव्ह. ही ग्रॅनाइटची खाण. झऱ्यांच्या पाण्याशी कामगार तिथे वर्षानुवर्षं झगडले, आणि १९५८ मध्ये काम थांबल्यावर पाण्याने ती भरून टाकली. उत्तर समुद्रात तेल सापडल्यावर तिथल्या विहिरींवर काम करणाऱ्या पाणबुड्यांनी इथे सराव केला. आज तिथे सुमारे सात, वीस-बावीस आणि पस्तीस-छत्तीस मीटरवर अशा तीन पायऱ्या आहेत, आणि २००० साली मुद्दाम बुडवलेली 'स्टेनगार्थ' ही जुनी टगबोट आहे. पायऱ्यांमुळे शिकवणाऱ्याला आपोआप वर्ग मिळतात: नवशिके वरच्या पायरीवर, अनुभवी खालच्या. आमची खाण हिच्यापेक्षा लहान होती, पण रचना तीच. वरची पायरी सात मीटरवर, तिच्या कडेला सरळ तुटलेला कडा, आणि खालची पायरी एकोणीस मीटरवर.

वरच्या पायरीवर एक लोखंडी जाळीचा चौथरा ठेवलेला आहे. विद्यार्थ्यांनी गुडघे टेकावेत ते या जाळीवर, म्हणजे गाळ उडत नाही. त्या शनिवारी आम्ही पोचलो तेव्हा चौथऱ्यावर दुसऱ्या शाळेचा गट बसला होता.

माणसं

मुख्य प्रशिक्षक इंग्रज, वीस वर्षं शिकवणारे, शांत गृहस्थ. मी मूळची मालवणची. पाण्याखालचा पहिला श्वास मी तारकर्लीच्या समुद्रात घेतला आणि नवऱ्याच्या नोकरीमुळे इकडे आल्यावर खाणीत शिकवायला लागले. विद्यार्थी चौघे. त्यांतला चौथा, ज्याच्याबद्दल हे प्रकरण आहे, तो पलूसकडचा, लेस्टरमध्ये नोकरी करणारा सत्तावीस वर्षांचा मुलगा. पाठीला वाळका भोपळा बांधून आजोबांनी विहिरीत ढकललेला, त्यामुळे पाण्याची भीती ठाऊक नसलेला. पहिल्या दिवसापासून तो मला ताई म्हणतो. गटात मराठी बोलणारे आम्ही दोघेच. तेव्हा त्याचं सगळं सामान मीच बघून द्यायचं, हे न सांगता ठरून गेलं.

पाण्यात खाली जाता यावं म्हणून कमरेला बांधायची शिसंही मीच दिली. बारा किलो. या आकड्याकडे पुढे येते.

काय घडलं

काठावरच्या फळ्यावर सकाळी कुणीतरी लिहून ठेवलं होतं: दृश्यता सहा मीटर, म्हणजे पाण्याखाली एवढ्या अंतरापर्यंतचं दिसतं. मे महिन्यासाठी हा चांगला आकडा. वसंतात उजेड वाढला की खाणीच्या पाण्यात सूक्ष्म शैवाल फोफावतं आणि पाणी हिरवट होतं, स्वच्छ पाणी खरं तर हिवाळ्यातलं. पृष्ठभागाचं तापमान पंधरा अंश होतं, सात मीटरवर अकरा.

चौथरा मोकळा व्हायची वाट बघायची की पायरीच्या मोकळ्या भागात बसायचं, हा प्रश्न काठावर अर्ध्या मिनिटात सुटला. पाणी स्वच्छ आहे, चौघेच आहेत, बसू तिथेच. मुख्य प्रशिक्षकांनी माझ्याकडे बघितलं, मी मान हलवली. ही माझी पहिली चूक.

चौथ्या मिनिटाला सगळे खाली पोचले. चौघे एका ओळीत गुडघे टेकून, मुख्य प्रशिक्षक समोर, मी ओळीच्या उजव्या टोकाला. पलूसचा मुलगा माझ्या बाजूचा शेवटचा. सराव मास्कमध्ये पाणी घेऊन नाकाने हवा सोडून ते बाहेर काढण्याचा. पहिल्याचं नीट झालं. दुसरीला नाकात पाणी गेलं, ती दचकली आणि तिने पाय मारले. नवव्या मिनिटाच्या माझ्या पाटीवर 'तीन मी.?' असं पेन्सिलीने लिहिलेलं आहे. म्हणजे मला ते दिसलं होतं, मी लिहूनही ठेवलं होतं, आणि तरी पुढे काही केलं नाही.

तिसऱ्याची पाळी चालू असताना दुसरी पुन्हा डगमगली. मी तिच्याकडे वळून तिच्या टाकीचा वरचा भाग धरला, तिला सरळ केलं. यात फार तर दहा-बारा सेकंद गेले. परत वळले तेव्हा माझ्या उजवीकडे ताकासारखं पाणी होतं. त्यात कुणी नव्हतं.

बडी, म्हणजे पाण्यातला जोडीदार, हरवला तर काय करायचं हे पहिल्या धड्यात शिकवतात: जागेवर थांबून गोल फिरून बघा, वर-खाली बघा, बुडबुडे शोधा, एका मिनिटाच्या आत सापडला नाही तर सावकाश वर या, तोही तेच करत असणार. मुख्य प्रशिक्षकांनी उरलेल्या तिघांना घेऊन चौदाव्या मिनिटाला अगदी तसंच केलं. मी केलं नाही. तळाजवळून पोहत मी त्याला शोधत राहिले. टाकीवर कडी आपटली. आपलं माणूस आहे, सोडून वर कसं जायचं, एवढं एकच डोक्यात होतं. माझा कंप्युटर सांगतो की मी पंधरा मिनिटं पन्नास सेकंदांपर्यंत तळावर होते, म्हणजे जवळजवळ तीन मिनिटं शोध.

त्याच्या कंप्युटरची गोष्ट वेगळी. बारा मिनिटं पन्नास सेकंदांना तो सात मीटरवर. अर्ध्या मिनिटाने ११.६ मीटरवर. तिथे पंचवीस सेकंद स्थिर. मग वर, आणि चौदा मिनिटं पस्तीस सेकंदांना पृष्ठभागावर. म्हणजे तो कड्यावरून खाली गेला होता, आणि मी त्याला पायरीवर शोधत होते. त्याहून वाईट म्हणजे शेवटचं सव्वा मिनिट मी ज्याला शोधत होते तो वर तरंगत होता, बाकीचेही वर आले होते, आणि पाच जण आता मला शोधत होते. मुख्य प्रशिक्षकांनी काठावरच्या मदतनिसाला हाताने खूण करायला सुरुवात केली, तेवढ्यात मी वर आले.

मला बघून तो म्हणाला, "ताई, तुम्ही कुठं होता? आम्ही कधीचं वर येऊन थांबलोय."

गाळ

वर येताना मी एक गोष्ट केली, जिचा पुढे फार उपयोग झाला. कमरेला नमुन्यासाठी अडकवलेली अर्ध्या लिटरची प्लास्टिकची बाटली त्या गढूळ पाण्याने भरून घेतली. घरी आल्यावर ते पाणी दोन काचेच्या बरण्यांत निम्मं-निम्मं ओतलं आणि स्वयंपाकघरातल्या खिडकीत ठेवलं. एकीत काही घातलं नाही. दुसरीत तुरटीचा खडा चार वेळा फिरवला. लेस्टरच्या बेलग्रेव्ह रोडवरच्या गुजराती दुकानात फिटकरी म्हणून मिळते तीच.

दोन्ही बरण्यांत पहिल्या पाच मिनिटांत वाळूचा पातळ थर बसला. इथवर दोघी सारख्या. मग तुरटीच्या बरणीत पाणी फाटल्यासारखं झालं. पिठाच्या कण्यांएवढे पुंजके दिसायला लागले, ते बर्फासारखे खाली उतरले, आणि तासाभरात त्या बरणीतून पलीकडच्या कुंडीतलं पान स्पष्ट दिसू लागलं. दुसरी बरणी रात्री झोपताना दुधाळ होती. दुसऱ्या दिवशी दुधाळ. तिसऱ्या दिवशी वरचं बोटभर पाणी निवळलं. चौथ्या दिवशी सकाळी पान दिसलं.

खाणीतल्या त्या नऊ मिनिटांचं बरंचसं उत्तर या दोन बरण्यांत आहे. दगड फोडताना उडालेली भुकटी, काठावरून धुऊन आलेली चिकणमाती आणि मेलेलं शैवाल असा खाणीचा गाळ असतो. अकरा अंशांच्या पाण्यात मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढा वाळूचा कण एक मीटर खाली बसायला अडीच-तीन मिनिटं घेतो. त्याच्या दहाव्या भागाचा कण चार तास. आणि चिकणमातीचा दोन मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरच्या पाचशेव्या भागाएवढा, कण चार दिवस. कणाचा व्यास दहा पटींनी कमी झाला की बसण्याचा वेग शंभर पटींनी कमी होतो, असं हे गणित आहे. त्यामुळे 'थोडं थांबू, निवळेल' ही आशा खाणीत फोल आहे. धडा चाळीस मिनिटांचा असतो.

मग तारकर्लीत मला असा अनुभव का आला नाही? मालवणच्या समुद्रात वाळू उडते आणि बघता बघता बसते. एक तर तिथे कण मोठे. दुसरं म्हणजे मीठ. चिकणमातीच्या कणांवर सारखाच विद्युतभार असतो, त्यामुळे ते एकमेकांना दूर ढकलतात आणि सुटे तरंगत राहतात. मिठाच्या पाण्यात तो भार झाकला जातो, कण एकमेकांना चिकटतात, जड होतात आणि बसतात. तुरटी तेच काम गोड्या पाण्यात करते. आपल्या आज्यांनी माठात निवळीची बी घासली किंवा तुरटी फिरवली, ती याच कारणासाठी. खाणीच्या पाण्यात मीठ नाही आणि तुरटी कुणी फिरवत नाही. समुद्रावर तयार झालेला माझा अंदाज इथे उपयोगाचा नव्हता, आणि तो उपयोगाचा नाही हे मला कळायला बरणी लागली.

शिसं

समुद्रातून आणलेला दुसरा अंदाज जास्त महागात पडला असता. खारं पाणी गोड्यापेक्षा साधारण अडीच टक्के जड. म्हणून माणूस, टाकी, सूट, सगळं मिळून शंभर किलोच्या आसपास भरणाऱ्या पाणबुड्याला गोड्या पाण्यात समुद्रापेक्षा अडीचेक किलो शिसं कमी लागतं. हे मला ठाऊक होतं. परीक्षेत लिहिलंही होतं. पण त्याच्या अंगचणीचा माणूस, एवढा जाड सूट, तर बारा किलो, हे गणित माझ्या हाताला समुद्रातून लागलेलं होतं आणि हाताने तेच केलं. शिवाय नवशिक्याला खाली जायला त्रास नको म्हणून अर्धा किलो जादाच असू दे असं वाटतं, तेही त्यात होतं. पाण्यात उतरल्यावर करायची वजनाची चाचणी, म्हणजे साधारण श्वास रोखून डोळ्यांच्या पातळीवर तरंगतो का बघणं, आम्ही त्या सकाळी घाईत सोडली. पुढच्या वेळी ती केली तेव्हा आकडा आला नऊ किलो.

तीन किलो जादा शिसं कमरेला असलेला माणूस पाण्यात आडवा राहू शकत नाही. पाय खाली लोंबतात. तो जागेवर राहण्यासाठी पाय मारत राहतो, आणि फिनचा, म्हणजे पायात घातलेल्या वल्ह्यासारख्या परांचा, प्रत्येक फटका सरळ तळावर बसतो. चौघांत सर्वांत जास्त गाळ उडवणारा तोच होता. तो अडाणी होता म्हणून नाही, मी त्याला तसं बांधून दिलं होतं म्हणून.

आणि कड्यावरून गेल्यावर तो अर्ध्या मिनिटात साडेचार मीटर खाली का गेला, याचंही उत्तर तेच. निओप्रीनच्या, म्हणजे फेसाळ रबराच्या, सुटात हवेचे बारीक बुडबुडे असतात. खोली वाढते तसे ते दबतात आणि सूट तरंगवणं कमी करतो. जितकं खाली जाल तितके जड होत जाता. तीन किलोंचा बोजा घेऊन कड्यावरून निघालेला माणूस एकोणीस मीटरवर जाऊन थांबला असता.

तो का गेला

हे त्याच्याकडून समजून घ्यायला मला दोन बैठका लागल्या. पहिल्यांदा तो म्हणत राहिला की काही नाही ताई, जरा घसरलो. त्याला मला वाईट वाटू द्यायचं नव्हतं. दुसऱ्यांदा मी त्याला चहा दिला, दोन्ही बरण्या दाखवल्या आणि म्हटलं, मला तुझी चूक शोधायची नाही, तुला काय दिसलं तेवढं सांग.

तो म्हणाला, "तुमची पिवळी फिन दिसत होती. ती लांब जायला लागली. मला वाटलं, सगळे निघाले. म्हणून मागं आलो."

मी कुठेही गेले नव्हते. दुसऱ्या विद्यार्थिनीकडे वळले तेव्हा माझ्या फिन्स त्याच्या दिशेला आल्या, म्हणजे खरं तर जवळ आल्या. पण त्याने खोटं सांगितलं नाही. मास्कमधून स्वच्छ पाण्यात वस्तू आहे त्यापेक्षा पाव अंतराने जवळ आणि मोठी दिसते, हे आम्ही सगळ्यांना शिकवतो. गढूळ पाण्यात हे उलटतं, हे आम्ही शिकवत नाही. कडा पुसट झाल्या, रंगातला फरक गेला, की मेंदू वस्तू लांब आहे असं धरतो. धुक्यातला डोंगर जसा दूर वाटतो तसंच. हाताच्या अंतरावरची फिन त्याला निघून जाणारी फिन वाटली. तो तिच्या मागे निघाला, आणि मधल्या काही सेकंदांत मी फिरले असल्यामुळे ती दिशाही चुकली. दोन फटके मारले, आणि खाली पायरी नव्हती.

टाकीवरची माझी टकटक त्याने ऐकली होती. "सगळीकडून येत होती," तो म्हणाला. साहजिक आहे. हवेत आवाज दोन्ही कानांवर किंचित पुढे-मागे पोचतो, त्यावरून आपल्याला दिशा कळते. पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे १,४५० मीटर, म्हणजे हवेच्या चौपटीहून अधिक वेगाने धावतो. दोन कानांतला तो फरक इतका आक्रसतो की दिशा लागत नाही. टाकी वाजवून मी त्याला 'मी आहे' एवढंच सांगू शकत होते, 'इकडे आहे' असं नाही.

मग तो वाचला कसा? खाली जाताना त्याचा हात कातळाला लागला आणि त्याने तो सोडला नाही. विहिरीत पोहणारी मुलं दम लागला की जशी दगडी पायटा धरतात तसा. पंचवीस सेकंद तो कपारीला धरून होता. तेवढ्यात त्याने श्वास सावरला, बीसीडीत, म्हणजे हवा भरून तरंगायच्या जाकिटात, थोडी हवा भरली आणि कातळावरून हात सरकवत वर आला. ११.६ मीटर पन्नास सेकंदांत, म्हणजे मिनिटाला चौदा मीटरच्या वेगाने. आम्ही नऊच्या आत शिकवतो, तेव्हा हे घाईचं होतं, आणि सेफ्टी स्टॉपही, म्हणजे वर येताना मध्येच घ्यायचा थांबाही, झाला नाही. तरी एवढ्या कमी वेळाच्या आणि उथळ डाइव्हमध्ये त्याने बिघडलं नाही. मुख्य म्हणजे त्याने श्वास रोखला नाही. भिंतीला हात लावून राहणं हे त्याला आमच्या अभ्यासक्रमाने शिकवलेलं नव्हतं.

गढूळ पाण्यात हाताला काहीतरी पक्कं लागणं किती मोलाचं असतं, हे गुहांत उतरणारे पाणबुडे फार पूर्वी शिकले. त्यांची दोरी बाहेरच्या उजेडापासून आत शेवटपर्यंत अखंड असते. २०१८ मध्ये थायलंडच्या थाम लुआंग गुहेत अडकलेल्या बारा मुलांना आणि त्यांच्या प्रशिक्षकाला काढणारे ब्रिटिश पाणबुडे जवळजवळ शून्य दृश्यतेत त्या दोरीच्या आधाराने गेले. त्या गुहेतलं पाणी उपसण्याच्या कामात सल्ला द्यायला किर्लोस्करांचे अभियंते गेले होते, हे या मुलाने मला अभिमानाने सांगितलं. किर्लोस्करवाडी त्याच्या गावाजवळच. आमच्या सात मीटरच्या पायरीवर मात्र त्या दिवशी दोरी नव्हती. उथळ आहे, स्वच्छ आहे, दोरी कशाला.

फळ्यावरचा आकडा

सगळ्यात जास्त विचार मी फळ्यावरच्या त्या सहा मीटरचा केला. पाण्याचा पारदर्शकपणा मोजायची पद्धत जुनी आहे. १८६५ मध्ये खगोलशास्त्रज्ञ फादर आंजेलो सेक्की यांनी पोपच्या जहाजावरून भूमध्य समुद्रात पांढरी तबकडी सोडून ती कुठे दिसेनाशी होते हे नोंदवलं. तलाव आणि खाणींत आजही तशी तबकडी वापरतात. पण ती सांगते वरून खाली किती दिसतं ते. पाणबुड्याला लागतं आडवं, समोरचं. आमचा फळ्यावरचा आकडा तबकडीचाही नव्हता. सकाळी पहिल्यांदा उतरून आलेल्या कुणीतरी अंदाजाने सांगितलेला, पायरीच्या दुसऱ्या टोकाचा, गाळ उडण्याआधीचा.

आम्ही तो हवामानाच्या अंदाजासारखा वाचला. आज ऊन आहे, आज सहा मीटर आहे. दृश्यतेला आम्ही दिवसाचा गुण समजलो. ती टाकीतल्या हवेसारखी आहे, दर फटक्याला आपणच खर्च करत असतो, आणि खाणीत ती पुन्हा भरायला चार दिवस लागतात, हे आमच्या मनात नव्हतं. हवेचं आम्ही किती बारकाईने बघतो! टाकीतल्या दाबाचे किती 'बार' (दाबाचं एकक) उरले की खूण करायची, किती उरले की परत फिरायचं, किती राखीव, हे उतरण्याआधी प्रत्येक विद्यार्थी तोंडपाठ म्हणून दाखवतो. खोलीची मर्यादा ठरलेली, वेळेची ठरलेली. दृश्यता किती उरली की धडा थांबवायचा, हा आकडा त्या सकाळी आम्हा दोघांपैकी कुणीही उच्चारला नव्हता. नवव्या मिनिटाला मी पाटीवर तीन मीटर लिहिलं तेव्हा त्या तीनचा अर्थ काय, हे आधी ठरलेलं नसल्यामुळे ते नुसतं लिहिलेलं राहिलं. ठरलेलं असतं तर मी मुख्य प्रशिक्षकांना खूण केली असती आणि आम्ही सगळे चार मीटर वर सरकलो असतो. तेराव्या मिनिटाची वेळच आली नसती.

कागदावर आमच्याकडे माणसं कमी नव्हती. एका प्रशिक्षकामागे आठ विद्यार्थी चालतात, आमच्याकडे दोघांमागे चौघे. नियमाच्या चौपट काळजी. पण हे प्रमाण दिसण्यावर उभं आहे. एक मीटरच्या पाण्यात एका माणसाला एकच विद्यार्थी राखता येतो, आणि तोही हात लावून.

गुडघे टेकवून शिकवण्याबद्दल माझं मत या प्रकरणाने पक्कं झालं. पूर्वी सगळे तसंच शिकले, मीही. विद्यार्थी स्थिर राहतो, शिकवणाऱ्याला सोपं जातं. पण तरंगत राहणं हेच ज्या विद्येचं मूळ आहे ती तळावर बसवून शिकवायची, यात उलट सवय लागते. पाणबुडा संकटात सापडतो तेव्हा त्याच्या गुडघ्यांखाली जमीन नसते. अलीकडे बऱ्याच संस्थांनी तरंगत शिकवण्यावर भर दिला आहे, आणि गाळाच्या खाणीत तर दुसरा मार्गच नाही असं मला वाटतं. मुख्य प्रशिक्षकांना हे पूर्ण पटलेलं नाही. पहिल्या दिवशी घाबरलेल्या माणसाला काहीतरी टेकायला हवं, असं ते म्हणतात. त्यांच्या वीस वर्षांपुढे माझी सहा, पण या मुद्द्यावर आम्ही अजून वाद घालतो.

पुन्हा

ब्रिटिश सब-अॅक्वा क्लब दर वर्षी पाण्याखालच्या घटनांचा अहवाल काढतो. त्यासाठी आम्ही दोघांनी मिळून नोंद पाठवली. शाळेच्या आराखड्यात तीन ओळी वाढल्या: आडवी दृश्यता आम्ही उतरून, बसायच्या जागी, दोरीवरच्या खुणांनी मोजायची, चार मीटरच्या खाली आली की धडा थांबवून वर सरकायचं, आणि चौथरा मोकळा नसेल तर पायरीवर बसायचं नाही, थांबायचं.

बारा दिवसांनी, गुरुवारी सकाळी, खाण रिकामी असताना मी आणि मुख्य प्रशिक्षक त्या मुलाला घेऊन पुन्हा उतरलो. नऊ किलो. खुणेच्या बोयापासून पायरीपर्यंत दोरी बांधलेली. मास्कचा तोच सराव, पण आता चार मीटरवर, दोरीला दोन बोटं लावून, आडवं तरंगत. पहिल्या खेपेला तो फूटभर वर गेला, दुसऱ्या खेपेला तेवढाच खाली आला, तिसऱ्या खेपेला हलला नाही. मास्कमधून पाणी काढून त्याने डोळे उघडले तेव्हा खाली तीन मीटरवर पायरीचा तळ होता, निवळशंख.

सराव संपल्यावर त्याने मला खूण केली: खाली बघ. मी बघितलं. बारा दिवसांत त्या कोपऱ्यात कुणी बसलं नसावं. गाळात गुडघ्यांचे खळगे होते, चार जोड्या, एका ओळीत. त्याने शेवटच्या जोडीवर बोट रोखलं, मग तेच बोट सावकाश उजवीकडे नेलं, जिथे पायरी संपत होती आणि त्यापुढे गडद हिरवं होतं. मधलं अंतर दीड हात.